खळीखालचं नाव

साऱ्या बेळगावात डोळं झाकून न्याय करनारा मानूस मी एकच बघितला, आनि त्येलाबी डोळं झाकाय माझ्या हातची खळ लागायची. कॉलेजात गनित शिकवायचं ते. आमी नुसतं 'सर' म्हनायचो. लगीन न्हवतं केलं. का, तर पोरगी बघाय गेलं आनि तिला गनित घालून आलं, असं गल्लीत बोलायची मानसं. मी त्येंच्या घरी भाकरी थापाय व्हते. शहापुरात आमचा हातमाग व्हता, माझं मालक वारल्यावर त्यो इकला, पदरात पोरगी कमल. लोकांच्या मागाच्या कांड्यांवर सूत भरून बोटं सोलायची, तवा हे घर मिळालं. रडाय सवड न्हवती, म्हनून रडले न्हाय.

हुशार पोरांच्या स्कॉलरशिपचं काम सरांकडं व्हतं. परीक्षा घ्यायची, वर्साला एकच पोर निवडायचं, त्येचं कॉलेज फुकट. सरांना भ्या एकच, कुनाचं नाव कळलं तर मन तिकडं झुकंल. म्हनून कागद आलं की ते भिताडाकडं तोंड करून बसायचं, आनि मी परतेक नावावर चिठोरी चिकटवायची. खळ आमची, मागावरच्या सुताला लावतो ती, धरली की पानी लावल्याबिगर सोडत न्हाय. हे काम मला का, तर मला वाचाय येत न्हवतं. एकदा त्येंच्याच मनाला लागलं, साऱ्या गावाला शिकवतो आनि आक्का कोरी ऱ्हाती. पाटी आनली, 'क' गिरवून घेतला. दुसऱ्या दिशी पाटी फळीवर. म्हनलं, "आक्का, तुम्ही वाचायला लागलात तर कागद कुणाकडे द्यायचे?" माझी शाळा एका अक्षरात सुटली.

निपानीचं एक तंबाखूचं सावकार, ज्येंच्या देनगीवर हे समदं चालायचं, ते एकदा गुळाची ढेप घिऊन आलं. भाच्याचं नाव त्येंच्या तोंडातनं निघायच्या आत सरांनी कानांत बोटं घातली आनि पाढं म्हनाय लागलं. एकोनतीसच्या पाढ्याला सावकार कन्नडात कायतरी पुटपुटत उठलं. ढेप परत गेली. खाली सांडलेला खडा एक मुंगी नेत व्हती, तिलाबी सर लाचखाऊ म्हनलं.

चिकटवून झालं की दर साली एकच सवाल, "आक्का, यातला एक तरी कागद कुणाचा ते ठाऊक आहे?" मी 'न्हाय' म्हनायची, मग सर तोंड वळवायचं.

एका साली कमल मॅट्रिक झाली, तिनंबी परीक्षा दिली. स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज, न्हाय तर कांड्या, हे आमी दोघी जानून व्हतो. सरांना काय सांगायची सोय न्हवती, परत पाढं सुरू झालं असतं. चिकटवता चिकटवता एका कागदाच्या पुरवन्या बांधलेल्या दोऱ्याची गाठ बघितली आनि हात थांबला. मागावर सूत तुटलं की मारतो ती गाठ, बारीक, चपटी. त्या ढिगात मागवाल्याचं पोर दुसरं कोन असनार? कमलला मीच शिकिवलेली.

सरांनी सवाल केला. मी बोट पदराला पुसलं. 'न्हाय' म्हनाय कितीसा येळ लागतो.

"व्हय," मी म्हनलं. "एक."

"वाचायला शिकलात?"

"न्हाय. गाठीवरनं कळलं. माझ्या पोरीचा हाय."

"कुठला ते दाखवू नका," म्हनलं, आनि पायात चप्पल न घालता उन्हात भाईर पडलं.

साऱ्या पोरांची परीक्षा परत. चिकटवायला अनगोळचा एक म्हातारा बशिवला, त्येला वाचाय येत न्हवतं आनि धड दिसतबी न्हवतं. त्येनं दोघांची उत्तरंच झाकली. कमल माझ्याशी आठ दिस बोलली न्हाय. "आये, पहिला पेपर मला सोपा गेलता," एवढंच म्हनली. दुसरा पेपर अवघड व्हता. निकालादिशी खळ सोडवली, तर समद्यांच्या वरचा कागद कमलचाच.

सर कॉलेजातनं घरी आलं. म्हनलं, "आक्का, आता तुम्ही या कामाच्या राहिला नाहीत." सरांनी फळीवरनं पाटी काढली, फुकून धूळ उडिवली. "त्यामुळे शिकायला आता हरकत नाही." आनि त्यो पहिला, गाठीचा कागद पुढ्यात ठिवला. मी पान्याचं बोट फिरिवलं, चिठोरी सुटली. 'क' मला येत व्हता. 'म' आनि 'ल' सरांनी सांगितलं.

कमल शिकली, मास्तरीन झाली. सर म्हातारं झालं, हातरुनाला खिळलं. एक दिस मी त्यो कागद घिऊन गेले. म्हनलं, सर, ह्यो तेवढा तपासायचा ऱ्हायला. त्येंनी चष्मा लावला, नाव दिसलं, आनि झटकन तोंड भिताडाकडं.

"आधी खळ लावून आणा, आक्का."

घरी येऊन खळ शिजिवली, नावावर चिठोरी चिकटिवली. सकाळी गेले तर सर गेलेलं.

आता मला समदं वाचाय येतं. ती चिठोरी मातर मी अजून सोडिवली न्हाय.