उपाशी पोटाची चरबी

मी चरबीवर संशोधन करते म्हटलं की आमच्या आष्ट्याकडची माणसं आधी मला खालून वर बघतात आणि मग हसतात. हसू देत. मी चांगली जाडजूड आहे आणि मला माझं काम मनापासून आवडतं.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर पोटावरची जागा बधिर करून सुईनं हरभऱ्याएवढी चरबी काढतात. त्या चरबीत कोणती जनुकं कामाला लागलीत, कोणती प्रथिनं आहेत आणि रक्तात काय काय फिरतंय, अशा तीन याद्या निघतात. एकेकटी वाचली तर प्रत्येक यादी अर्धवट बोलते. मी त्या कॉम्प्युटरवर एकत्र लावते. मग कळतं, शरीर चरबी साठवतंय की मोडतंय. अट एकच, माणूस रात्रभर उपाशी हवा.

माझी पीएचडी दोन गटांवर उभी होती. एक शहरातल्या खुर्चीवाल्यांचा, दुसरा आमच्या गावचा, उसात राबणाऱ्यांचा. गावची माणसं आईनं गोळा केली. नमुन्याच्या दिवशी पहाटे सगळी आमच्या अंगणात जमली आणि मिलिटरीतून रिटायर झालेल्या माझ्या वडिलांनी त्यांना जीपच्या खेपा करून सांगलीला आणलं.

तिन्ही याद्या एकत्र लावल्या आणि मी गारच पडले. गावच्या लोकांची रक्तातली साखर ठीक होती. नुसत्या साखरेवरून कुणाला शंकाही आली नसती. पण चरबी मोडायचं काम जवळपास बंद, आणि जनुकं तर सरळ सांगत होती की ही माणसं उपाशी नाहीत. गाईड मॅडम म्हणाल्या, "गावचा गट काढून टाकावा लागेल." म्हणजे माझी तीन वर्षं पाण्यात. मी आधी मशीनला शिव्या घातल्या, मग स्वतःला, आणि शनिवारी एसटीनं गाव गाठलं.

"आई, त्या दिवशी पहाटे कुणी काही खाल्लं होतं?"

"छ्या! तू सांगितलंवतंस की. बिस्कीट सुदिक दिलं न्हाई कुणाला."

"आणि चहा?"

"च्या दिला की. च्या म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

आमच्या घरचा चहा म्हणजे म्हशीचं दाट दूध आणि मूठभर साखर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते लिहीत नाही. "तुझ्या कपभर चहानं माझी तीन वर्षं बुडवली," एवढं मात्र आठवतं.

आईचं तोंड एवढंसं झालं. "दारात आलेलं माणूस," ती म्हणाली, "त्येबी तुझ्यासाठी पोटात सुई घ्यायला निघालेलं. त्येला तसंच कसं लावून देऊ गं?"

'काही खाऊ नका' एवढंच सांगून मी मोकळी झाले होते. आमच्याकडं चहा खाण्यात धरत नाहीत, हे याच घरात वाढलेल्या मला ठाऊक नव्हतं होय?

मॅडमनी पुन्हा नमुने घ्यायची परवानगी मिळवली, पण दुसऱ्यांदा सुई कोण टोचून घेणार? घरोघर विचारायला निघाले, तर आई पदर खोचून बरोबर आली. प्रत्येक उंबऱ्यावर मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायची, "चूक माझी झाली. पोरीची न्हाई." तिसऱ्या घरी मला रडू आवरेना.

नमुन्याच्या दिवशी पहाटे मी अंगणात उभी होते. गॅस बंद. आई दारात नुसती उभी, हातांचं काय करावं तिला सुचत नव्हतं. एकेक करत सगळे आले. एकही गळला नाही.

शेजारचे काका सगळ्यात शेवटी जीपमध्ये चढले. आईकडं बघत मला म्हणाले, "सुईचं काय न्हाई गं, ती सोसंल. पर तुझ्या आईच्या दारातनं आज पयल्यांदा बिगर च्याचा चाललोय. तवा काम नीट कर."