नापास लॉट

"मी झोपलो न्हाई, डोळे मिटून विचार करून राह्यलो."

आमच्या मामांचं हे रोज दुपारचं वाक्य. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते, पण नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत. डबा खाल्ला की खुर्चीत मान मागं टाकून हा माणूस असा विचार करायचा की तावदानं वाजायची. तुमच्याही ऑफिसात असा एखादा विचारवंत असेलच.

आमचं काम बियाणं तपासायचं. ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळायच्या, आठवड्यानं उघडायच्या, आणि किती उगवल्या, किती मेल्या ते कार्डावर लिहायचं. मी नवीन असताना एकदा म्हणाले, "मामा, नव्वदच्या आसपास असतील."

"ताई, अंदाज सांगू नका, मोजून सांगा. कुणाचं तरी रान हाय ह्याच्यावर."

तीनदा मोजायला लावलं. असलं डोकं फिरलं माझं!

मग त्यांचं बायपासचं ऑपरेशन झालं. परत आले ते वजन वाढवून, आणि घोरण्याची तऱ्हाच बदलली. घोरता घोरता एकदम बंद. श्वासच नाही. आम्ही चौघं हातातले चिमटे तसेच धरून त्यांच्याकडे बघत बसायचो. मग एक गचका बसून गाडी चालू व्हायची, आणि आम्हीही श्वास घ्यायचो.

डॉक्टरांनी एक रात्र अंगाला तारा लावून झोप तपासली आणि सांगितलं, झोपेत श्वास अडकतो, ऑपरेशन झालेल्या हृदयाला हे झेपणार नाही, रात्री मशीनचा मास्क लावून झोपा. मामांनी मशीन आणलं आणि बदनापूरच्या घरी कपाटावर ठेवून दिलं. प्लास्टिकसुद्धा काढलं नाही.

मामींचा मला फोन आला. "माझं ऐकत न्हाईत माय. मी रातभर छातीवर हात ठिवून बसते."

मी मामांना गाठलं. म्हणाले, "अंगभर तारा लावून कोण झोपल? नमुनाच चुकला डॉक्टरचा."

"मामी म्हणतात, बऱ्याचदा थांबतो."

"बऱ्याचदा म्हंजे अंदाज," आणि पुढची गुंडाळी उघडली.

दुसऱ्या दुपारी मी घड्याळ आणि कोरं कार्ड घेऊन त्यांच्या समोर बसले. उठल्यावर त्यांचं वाक्य झालं. मी कार्ड पुढं सरकवलं. वाण: मामा. वेळ: अर्धा तास. श्वास थांबला: अकरा वेळा. सगळ्यात जास्त: बत्तीस सेकंद. शेरा: नापास.

हसतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं.

"तुम्ही मोजलं?"

"मोजलं. आणि त्या बत्तीस सेकंदांत मला रडू आलं मामा. उठवायला हात पुढं केला होता."

नापास लॉट आमच्याकडे त्याच दिवशी बाजूला काढतात. त्याच दिवशी मशीन कपाटावरून खाली आलं.

निवृत्तीच्या दिवशी मामा ते पिशवीत घालून ऑफिसात घेऊन आले. "फेरतपासणी करा," म्हणाले. गळ्यात हार, समोर पेढे, आणि सगळ्यांदेखत नाकावर मास्क चढवून खुर्चीत मागं टेकले. साहेब पेढा हातात धरून उभे. मी घड्याळ लावलं. अर्धा तास श्वास एकदाही थांबला नाही. तावदानंही गप्प.

आता ती खुर्ची रिकामी असते, दुपारी आम्ही उगीच तिकडे बघतो. पण त्या दिवशी मामांनी मास्क काढला तेव्हा नेहमीचं वाक्य ऐकायला आम्ही सगळे तयार होतो.

"ताई," मामा म्हणाले, "झोप लागल्ती."