एदुविहेसबाईंचा बेस

एदुविहेस बारिएन्तोस आमच्या वर्गात आल्या त्या चुकीचं दार उघडून. पोर्तालेस वस्तीतल्या सांस्कृतिक केंद्रात मंगळवारी शेजारच्या खोलीत ज्येष्ठांसाठी संगणकवर्ग चालायचा. बाईंना तिथे ईमेल शिकायचं होतं. आमच्या खोलीत आम्ही सहा जण कोड लिहून संगीत करायचो, म्हणजे करणार होतो. तोवर यंत्राच्या मुक्तीविषयीच्या आमच्या जाहीरनाम्याचा चौथा मसुदा झाला होता आणि ज्यावर पाय हलेल असा एकही आवाज निघाला नव्हता.

आमचा पुढारी इकेर. त्याने बाईंना अनुभव विचारला. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं कीबोर्डवर काढली."

इकेर उठून उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर सिंथेसायझर आले. बाईंच्या मनात सरकारी कचेरीतली टंकलेखिकेची खुर्ची होती. हा घोटाळा तिसऱ्या आठवड्यात उलगडला, पण तोवर उशीर झाला होता. बाईंनी आवाज काढून दाखवला होता.

दुसऱ्या आठवड्यात इकेर अ‍ॅसिड बेसवर, म्हणजे नाचाच्या संगीतातल्या खालच्या, किरकिऱ्या आवाजावर, बोलत होता. इतिहास झाला, तत्त्वज्ञान झालं, शेवटी नमुना वाजला. बाईंनी चष्मा पुसत ऐकला आणि म्हणाल्या, हा तर नाकात बोलणारा माणूस आहे. आधी तोंड मिटून पुटपुटतो, मग तोंड उघडत जातो आणि शेवटी किरकिरतो. इकेरच्याच कोडमधले आकडे बदलत त्यांनी सगळ्यात खरखरीत लहर निवडली, खालच्या पट्टीत सोळा ठोके मांडले. काही सुरांवर जोर दिला, काही पुढच्या सुरात घसरवले. मग फिल्टर जवळजवळ बंद करून हळूहळू उघडायला लावला आणि रेझोनन्स, म्हणजे आवाजाची धार, शिट्टी वाजेपर्यंत चढवला.

"इतकं नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि आकडा किंचित खाली आणला. "ओरडायला लागला की तो खरा वाटत नाही. त्याने कुरकुरायला हवं."

खिडकीची काच थरथरली. आम्ही सहा जण एकमेकांकडे बघत राहिलो. बाईंनी त्या आवाजाला कोडमध्ये नाव दिलं होतं: किरोस. आर्नुल्फो किरोस हे त्यांचे साहेब. ते अगदी अशाच आवाजात मजकूर सांगायचे आणि बाई टंकायच्या. कोडच्या कडेला त्या शेरेही लिहीत: 'साहेब आले.' 'साहेबांचं जेवण झालं.' 'साहेबांना स्वल्पविराम आवडला नाही.'

सहा महिन्यांनी केंद्राच्या अंगणात आमचा महोत्सव झाला, शनिवारी दिवेलागणीला. आमच्यात रीत अशी की वाजवणारा जे टंकतो ते मागच्या भिंतीवर मोठं करून दाखवायचं. ते काम माझ्याकडे होतं. प्रमुख पाहुण्यांचं नाव कुणी विचारलं नव्हतं. संस्कृती खात्याच्या कचेरीतून येणार होते, एवढंच ठाऊक. आले ते लिसेन्सियादो, म्हणजे पदवीधर, आर्नुल्फो किरोस. बढती होऊन आता आमच्या भागाचे संस्कृती संचालक झाले होते. तरुणाईवर चाळीस मिनिटं बोलले आणि पहिल्या रांगेत बसले. बाई तेव्हा आतल्या खोलीत कानांना हेडफोन लावून सराव करत होत्या.

आधी इकेरने वाजवलं. चौथ्या ओळीत कंस बंद करायचा राहिला आणि सगळं बंद पडलं. लोकांना वाटलं, ही शांतताच कला आहे. टाळ्या कडाडून पडल्या. इकेरने मान लववली.

मग बाई बसल्या. कळांकडे न बघता त्यांची बोटं चालू लागली. भिंतीवर उमटलं 'किरोस', आणि अंगणात बेसमधले साहेब खालच्या पट्टीत पुटपुटू लागले. बाईंच्या डोळ्यांवर जवळचा चष्मा होता, समोरची माणसं त्यांना दिसत नव्हती. मी वाकून कानात सांगितलं की पहिल्या रांगेत कोण बसलंय.

त्यांचे हात थांबले. सोळा ठोके फिरत राहिले. मागून इकेर काकुळतीला आला होता: बाई, नाव पुसा, केंद्राची परवानगी जाईल. बाईंनी खरंच नाव पुसलं. मग सरळ बसून टंकलं: लिसेन्सियादो_आर्नुल्फो_किरोस_संचालक. एकदा नावाआधीची पदवी राहिली म्हणून त्याच साहेबांनी त्यांच्याकडून चाळीस पत्रं पुन्हा टंकून घेतली होती. या वेळी पदवी राहिली नाही. खाली शेरा पडला, 'साहेबांना बोलायचंय,' आणि बाईंनी फिल्टर पूर्ण उघडला.

अंगण नाचायला लागलं. साहेब उभे राहिले. मी प्रोजेक्टरची वायर हातात धरून उपटायला तयार होतो. पण साहेबांनी तीन मीटर लांबीचं आपलं नाव पदवीसकट वाचलं, कोटाचं बटण सोडलं आणि तेही नाचू लागले. नंतर मंचावर येऊन म्हणाले, "या माझ्याच हाताखाली तयार झाल्या. पदवी लिहायची सवय मीच लावली."

बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला.

रात्री कोपऱ्यावर मक्याच्या पानात उकडलेले तामाल खाताना मी विचारलं, बरं वाटलं का. त्या पान सोलत होत्या. "मला वाटलं होतं, तो चिडेल," त्या म्हणाल्या. "एकदा तरी चिडायला हवा होता, बाळा. एकतीस वर्षांत त्याने माझं कधी काही ऐकलं नाही. आजही त्याने स्वतःचंच नाव ऐकलं."

मग त्यांना हसू आलं. म्हणाल्या, नाचतो मात्र वाईट.

परवानगी गेली नाही. उलट कायमची खोली मिळाली आणि एक प्रशस्तिपत्रही. त्यात बाईंचं नाव चुकलं होतं. जाहीरनाम्याचा पाचवा मसुदा निघाला. त्यात इकेरने बाईंना 'श्रमिक देहाचा विद्रोह' म्हटलं. बाईंनी तो तपासून सतरा चुका काढल्या. विद्रोहाला हरकत घेतली नाही, फक्त त्याच्यानंतरचा स्वल्पविराम काढला.

आता मंगळवारी शेजारच्या खोलीतला ज्येष्ठांचा वर्ग त्याच घेतात. अकरा बायका येतात. ईमेल दोन आठवड्यांत उरकतं, मग प्रत्येकीने आपला आवाज घडवायचा. मेट्रोच्या तिकीट खिडकीवर जन्म काढलेल्या सोलेदादने एवढा खोल बेस काढला की छताचा पोपडा पडला. इकेर वही घेऊन मागच्या बाकावर बसतो. परवा त्याने हात वर करून विचारलं की घसरता सूर नेमका कुठे सोडायचा. बाई म्हणाल्या, आधी कंस मोज.