आठ चिंचोके

आपण लिहावे असे आपल्यापाशी काही आहे, हा समज माझ्यासारख्याने करून घेणे उद्धटपणाचे आहे, आणि त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. पंचेचाळिशी ओलांडेपर्यंत मी कचेरीतील टिपणे आणि इतरांच्या अर्जांचे मसुदे यांपलीकडे काही लिहिलेले नाही. भाषा मला शिकवली गेली होती, आणि चांगली शिकवली गेली होती. धीर मात्र कोणी शिकवला नाही. आज लिहायला बसलो, कारण एक गोष्ट मला ठरवायची आहे आणि ती एकट्याने ठरत नाही.

मुळशी तालुक्यात, भरे गावाच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी आमची निवासी शाळा होती. माझे वडील सरकारी नोकर. त्यांच्या बदल्या मराठवाडाभर होत असत. त्या फेऱ्यांतून माझे शिक्षण वाचावे म्हणून आठवीत त्यांनी मला तेथे ठेवले. खेळात मी अगदीच निरुपयोगी होतो, आणि त्या शाळेत खेळापलीकडे फारशी कशालाच किंमत नव्हती. त्यातही कबड्डी प्रथम.

संघात कोण येणार, हे आमच्याकडे सामानाच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर ठरत असे. चढाई करणारा गडी प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात एकाच श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहतो, आणि त्या श्वासालाच दम म्हणतात. दर शनिवारी दुपारी प्रत्येक चढाईपटूने त्या भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे, छाती भरून घ्यायची आणि श्वास तुटेपर्यंत म्हणत जायचे. समोर मोजणारा मांडी घालून बसे. त्याच्या डाव्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग. प्रत्येक 'कबड्डी'ला एक चिंचोका उजवीकडे. दम तुटला की उजवीकडचे चिंचोके मोजून आकडा सांगायचा, आणि क्रीडाशिक्षक तो खडूने भिंतीवर लिहीत. साठाच्या खाली गेलेला गडी संघाबाहेर. या नियमाला अपवाद मी पाहिला नाही.

मोजण्याचे काम सरांनी मला दिले, त्यालाही कारण होते. आदल्या वर्षी लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी भातखाचरांच्या बांधावरून जवळची वाट धरली होती आणि संध्याकाळी आपण होऊन त्यांना ते सांगितले होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "या पोराला पळता येत नाही, पण खोटंही बोलता येत नाही. आजपासून दम हा मोजेल." मला आयुष्यात मिळालेला तो पहिला मान होता.

माझा मित्र जवळच्याच नांदे गावचा. घरची शेती, थोरला मुलगा, उंचीने बेताचा पण पायाने असा चपळ की त्याचा स्पर्श झाल्याचे बचाव करणाऱ्याला उशिरा कळे. मी पुस्तके वाचतो म्हणून तो मला 'मास्तर' म्हणे. जेवणाच्या रांगेत तो मला पुढे घेई. त्याचे निबंध मी लिहून देई. आमचा बेतही ठरलेला होता. तो राज्याच्या संघात जाणार आणि मी वर्तमानपत्रात त्याच्या सामन्यांची वर्णने लिहिणार.

"माझं नाव मोठ्या अक्षरात टाकायचं," तो बजावी.

"आणि हरलास तर?"

"तर बारीक. पण टाकायचं."

भिंतीवर त्याचा आकडा बाहत्तर होता. शाळेत त्याहून मोठा आकडा नव्हता.

श्रावणात त्याचा घसा धरला, ताप आला, आठवड्यात उतरला. मग उजवा गुडघा सुजला. आमची शाळाच खेळणाऱ्यांची. सूज म्हणजे मुरगळ, एवढेच आम्हाला ठाऊक. भटारखान्यातील मावशींनी आंबेहळदीचा लेप लावून दिला. चार दिवसांनी गुडघा बरा झाला आणि डावा घोटा सुजला. खोलीतील मुले हसली. "पैलवान, तुझी सूज बी चढाई करतीय की! या अंगणातनं त्या अंगणात!" तोही हसला. मीही हसलो. मुरगळ एका पायातून दुसऱ्या पायात जात नाही, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनाला शिवला नाही.

त्याची आई रविवारी भेटीला येत असे. तांदळाच्या भाकरी, ठेचा आणि दह्याचा डबा घेऊन. त्यातली एक भाकरी माझ्या नावाची असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला सोडायला ती आली, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळा, ह्याच्याकडं ध्यान ठेव. सुट्टीत नुसता बसून हुता. इचारलं तर वसकतोय अंगावर. मला काय सांगत न्हाई त्यो. तू सांगशील."

"हो, काकू," मी म्हणालो.

त्याच शनिवारी तो भिंतीला टेकून उभा राहिला. पन्नासापर्यंत त्याचा आवाज नीट होता. मग त्याच्या गळ्याजवळची शीर अशी उडू लागली की ती मला बसल्या जागेवरून दिसत होती. बावन्नाला दम तुटला. त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनंती होती असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरे तर तेथे केवळ भीती होती. सर दुसऱ्या एका मुलाशी बोलत होते. माझा हात ढिगाकडे गेला आणि आठ चिंचोके उजवीकडे आले.

"साठ," मी म्हणालो.

सरांनी लिहिले. माझ्या शब्दाची फेरमोजणी करण्याची त्यांना गरज वाटली नाही.

नळावर हातपाय धुताना मित्र म्हणाला, "मास्तर, मोजायला चुकलास."

"नाही."

तो बराच वेळ पायावर पाणी घालत राहिला. "मग पुढच्या शनवारी बी चुक. तालुक्याचं सामनं होऊ दे. मग जातो डाक्टरकडं. आईशप्पत."

पुढच्या शनिवारी सत्तेचाळीस होते. मी एकसष्ट सांगितले. त्याच्या पुढच्या शनिवारी चाळीस, आणि मी बासष्ट सांगितले, कारण आकडा थोडा वाढत गेला तर संशय येत नाही, हे एव्हाना मला समजले होते. ज्याला खोटे बोलता येत नाही अशी ख्याती असते त्याच्याइतके सुरक्षितपणे खोटे कोणालाच बोलता येत नाही. मी मोजत होतो तो माझ्या मित्राचा श्वास होता आणि तो दर आठवड्याला कमी होत होता. संपूर्ण शाळेत हे दोघांनाच माहीत होते. त्यातला एक मी.

खुणा वाढत गेल्या. सकाळी उठलो की त्याच्या खाटेवर दोन उशा भिंतीला उभ्या लावलेल्या दिसत. आडवे झाले की खोकला येतो, असे तो सांगे. नळावरून खोलीपर्यंत सतरा पायऱ्या होत्या. तो नवव्या पायरीवर थांबून दरीतले काहीतरी पाहत असल्याचे सोंग करी, आणि मी त्याच्याबरोबर थांबून तेच पाहत असल्याचे सोंग करी. खाली भाताची रिकामी खाचरे होती. पाहण्यासारखे तेथे काही नव्हते.

एकदा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी त्याला पायऱ्यांवर खोकताना पाहिले. ते म्हणाले, "याला उद्या पिरंगुटला डॉक्टरांकडे नेऊन आणतो." माझ्या छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. उद्या नेतील, मला काहीच सांगावे लागणार नाही. मग ते सहज त्या भिंतीकडे गेले, खडूचा आकडा वाचला आणि हसले. "बासष्ट? आणि याला बघायला डॉक्टर? नाटकं करतो काय रे, अभ्यास चुकवायला?"

"व्हय सर," मित्र म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता.

तालुक्याच्या सामन्याला आम्ही टेम्पोतून पौडला गेलो. दुपारचे ऊन होते. निघण्यापूर्वीच्या शनिवारी त्याचा दम एकतीस होता. पहिल्या चढाईत त्याने एक गडी मारला आणि परतला. दुसऱ्या चढाईत तो खोल शिरला. मी रेषेबाहेर बसलो होतो, आणि सवयीने माझे ओठ मोजत होते. अठ्ठावीस. एकोणतीस. तो मध्यरेषेकडे वळला. त्याचे ओठ हलत होते, पण त्यांतून आवाज येत नव्हता. कोणीही धरलेले नसताना तो रेषेच्या अलीकडे खाली बसला, जसा एखादा माणूस थकून ओट्यावर बसतो. लोकांना वाटले डाव आहे. बचाव करणारे जवळ यायला कचरले. त्याचे ओठ निळसर झालेले मी पाहिले.

सर जीपमधून त्याला पुण्याच्या एका रुग्णालयात घेऊन गेले. मागे त्याला धरून बसायला मला घेतले. निरोप मिळून त्याची आई पोचली तेव्हा डॉक्टर छाती तपासून सरांना प्रश्न विचारत होते.

"याला कधीपासून धाप लागते?"

"धाप? छे. पोराचा दम उत्तम आहे," सर म्हणाले. "मागच्याच शनिवारी मोजला. त्रेसष्ट. नोंद आहे आमच्याकडे."

डॉक्टर कागदावर काही लिहू लागले. त्याची आई दाराशी उभी होती. पदराचा बोळा तिने तोंडावर धरला होता.

"सर, त्रेसष्ट नाही," मी म्हणालो. "एकतीस."

 डॉक्टरांनी पेन थांबवले. मग मी सगळे सांगितले. घसा, गुडघा, घोटा, उशा, पायऱ्या. फक्त त्रेसष्ट कोठून आले ते सांगितले नाही, आणि ते कोणी विचारलेही नाही. सरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले होते. शाळा सुटेपर्यंत त्यांनी त्या विषयावर माझ्याशी एक शब्द काढला नाही. शनिवारची मोजणी मात्र बंद झाली.

घशाच्या त्या तापातून हृदयाची झडप बिघडली होती. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीनंतर लगेच आणलं असतं तर..." आणि समोर आई आहे हे पाहून थांबले. तो पुन्हा खेळला नाही. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, पंचविशीत पहिली शस्त्रक्रिया. मी वर्तमानपत्रासाठी एक ओळही लिहिली नाही. ज्याच्याविषयी लिहायचे होते तो नांद्यात खाटेवर होता.

तो आजही नांद्यात राहतो. शेताच्या जागी आता भाड्याच्या खोल्या आहेत. हिंजवडीत काम करणारी तरुण मुले त्यांत राहतात आणि जिन्यावरून धावत जातात. तो तळमजल्यावर बसतो. पंचविशीत बसवलेली झडप निकामी होत असल्याचे गेल्या महिन्यात निष्पन्न झाले. सोमवारी दुसरी शस्त्रक्रिया आहे, आणि या वेळी हृदय पूर्वीसारखे बळकट नाही.

परवा मी भेटायला गेलो. त्याच्या आईने मला हाताला धरून आत नेले. "तवा तू एवढ्या मोठ्या मान्सांम्होरं खरं बोललास म्हनून माझं पोरगं वाचलं," ती म्हणाली. गेली तीस वर्षे ती हेच म्हणते आहे, आणि दर वर्षी नव्या तांदळाची पिशवी मला पाठवते आहे. "सोमवारी हितंच थांब बाळा. डाक्टर मला धड सांगत न्हाईत. पोरगं तर जन्माचं लबाड. तुझ्या तोंडचं मातर मी खरं मानीन."

बाहेर येताच मी मित्राला म्हणालो, "मी काकूंना सांगणार आहे."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. "त्ये खोटं माझं बी हाय, मास्तर. तुझ्या एकल्याचं न्हाई." श्वास घेण्यासाठी तो थांबला. "पर तिच्याकडं आता दुसरं हाय कोन, इस्वास टाकायला?"

सांग, असे तो म्हणाला नाही. नको, असेही म्हणाला नाही.

आज शुक्रवार आहे. सोमवारी शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर ती माझ्या शेजारी बसेल आणि आतून येणारी प्रत्येक बातमी माझ्या तोंडून ऐकू इच्छील. तत्पूर्वी सांगितले, तर त्या दिवशी तिच्याजवळ विश्वासाचे एकही माणूस उरणार नाही. न सांगितले आणि आत काही वाईट घडले, तर ती माझाच हात धरून रडेल, आणि त्यानंतर सांगणे कधीच शक्य होणार नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला सांगितले असते का?