वळचणीचा गिलास

मायच्या डोळ्याचं ऑपरेशन जालन्यात झालं. पट्टी निघाली, आता काहीही खा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी तिला अंबड रस्त्यावरच्या त्या हॉटेलात न्यायचं ठरवलं. वर राहायच्या खोल्या, खाली जेवणाचा एसी हॉल, दारावर पाटी, ‘अस्सल मराठवाडी जेवण’. हॉटेल आमच्याच गावच्या मालकांच्या नातवाचं. मायनं ज्यांच्या शेतात उभा जन्म खुरपण केलं, ते मालक. माय खुर्चीवर बसावी आणि त्या घरातल्या माणसानं तिला वाढावं, एवढंच मला बघायचं होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू, मनात खुन्नस होती.

माय रिक्षातच कुरकुरायला लागली.

“तिथं कशाला रे? दोन केळं घे अन् चल घरी.”

“तुला भाकर खायची होती ना?”

“भाकर म्या घरी थापते की.”

हॉलच्या भिंतीवर सूप, कंदील, घुंगरमाळा. वाढप्यांना धोतर नेसवलेलं, आणि बिचारे ताटापेक्षा धोतरच जास्त सांभाळत होते. पितळी ताटात ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, अंबाडीची भाजी, ठेचा, पिठलं. हेच मी शाळेत डब्याच्या झाकणाआड लपवून खायचो. आमच्या घरी पिठलं केलं म्हणजे आज भाजी नाही, एवढाच त्याचा अर्थ. इथं लोक त्याचे फोटो काढत होते.

थोड्या वेळानं नातू स्वतः आमच्या टेबलाशी आला. गावाचं नाव निघालं, ओळख पटली. “म्हंजे आपलेच माणसं. मावशी, आरामात जेवा,” म्हणाला, आणि वाकून आपल्या हातानं मायच्या ताटात भाकरी वाढली. मी खूष झालो. आता काही राहिलं नाही असं मला वाटलं.

तेवढ्यात मायचा घास हातातच थांबला. ती समोरच्या फळीकडे बघत होती. दोन कंदिलांच्या मधे जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक गिलास ठेवलेला होता, काळपट, बैलाच्या पायाखाली येऊन काठ चेपलेला.

मीही ओळखला. मालकांच्या गोठ्याच्या वळचणीला तो खोचलेला असायचा. आमच्या वस्तीतल्या माणसांनी पाणी प्यायचं त्यात, चहा घ्यायचा त्यात. वरून ओतलेलं प्यायचं, गिलास धुवायचा आणि परत वळचणीला खोचायचा. आमच्या घरात बुद्धाची तसबीर येऊन किती वर्षं झाली होती, पण तो गिलास काही वळचणीतून हलला नाही. मीसुद्धा त्यातून प्यायलोय. त्याचा तो जर्मनचा वास मला त्या एसीत बसून आला, आणि मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

नातवानं मायची नजर पाहिली.

“आवडलं का, मावशी? सगळं आमच्या घरचं जुनं सामान हाय. भंगारात देऊन राह्यले होते, म्या उचलून आणलं.” त्यानं गिलास काढून तिच्या हातात दिला आणि मोबाईल वर धरला. “असा धरा बराबर. एक फोटो हॉटेलच्या पेजवर टाकतो.”

मायनं गिलास फिरवून पाहिला, पदरानं पुसला. मग टेबलावरचा जग उचलून त्यात पाणी ओतलं आणि त्याच्यापुढे धरला.

“पे.”

तो हसला. “मी?”

“तुमच्या घरचा हाय म्हंतो ना? पे मंग.”

मोबाईलचा हात हळूहळू खाली आला. गिलास घरातला नव्हता, हे त्याला त्या क्षणी आठवलं, चेहऱ्यावरच दिसलं.

“धुतलेला न्हाई तो, मावशी. धूळ बसली हाय.”

“मंग धुऊन पे. आमी रोज धुऊनच ठेवत होतो.”

काउंटरला गिऱ्हाईक थांबलंय, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला. काउंटरला कोणीच नव्हतं. मायनं गिलास टेबलावर ठेवला आणि ताटातली भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मला मात्र राग चढला होता, आणि ती इतकी शांत जेवतेय याचाही राग येत होता.

आम्ही उठलो. वाढप्यानं ताटं उचलली, वाट्या उचलल्या, जग उचलला. पाण्यानं भरलेल्या त्या गिलासाचं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानं काउंटरकडे पाहिलं.

नातू तिथूनच म्हणाला, “तो बाकीच्या भांड्यांत मिसळू नको. वेगळा ठेव.”