एल नसलेली रॅम

लॉकडाऊनच्या वर्षी रेणापूरच्या एका मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा घरूनच होती. त्यासाठी कॅमेऱ्याचा लॅपटॉप लागायचा, मोबाईल चालत नव्हता. आदल्या दिवशी तिच्या लॅपटॉपची रॅम गेली. लातुरातलं माझं संगणक दुरुस्तीचं दुकान बंद होतं, तिथं रॅमही उरली नव्हती, म्हणून नांदेडच्या मेहुण्याला रॅम मागितली. त्यानं ती भाजीच्या टेम्पोतून पाठवली आणि फोनवर बजावलं, "दाजी, हिच्यावर एल नाही. नव्या लॅपटॉपला देऊ नका."

आमच्याकडं गिऱ्हाईक "चार जीबीची द्या" म्हणतं, आम्हीही तेवढंच बघून देतो. लेबलवर पीसी३-१२८०० असतं, त्यालाच कुणी डीडीआर३-१६०० म्हणतं. नावं दोन, रॅम एकच. पण पीसी३ च्या पुढं एल असेल तरच ती कमी व्होल्टेजवर चालते, आणि डीडीआर३ च्या नव्या लॅपटॉपला तीच लागते. मला हे ठाऊक होतं, मुलीचा लॅपटॉप त्यातलाच आहे हेही. तरी टेम्पो पुढं रेणापूरलाच चालला होता, म्हणून तशीच जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो आणि मुलीचा फोन आला. "काका, रॅम बसवली, पण नुसतं बीप करून राहिलाय. स्क्रीन काळीच हाय. दोनला पेपर हाय माझा."

मग तिच्या वडिलांनी फोन घेतला. "जळला का काय ओ?"

"नांदेडच्या मेहुण्याकडून मालच खराब आला," मी म्हणालो.

माझ्या लॅपटॉपमधली एलवाली रॅम काढून मी गाडी काढली. नाक्यावर पोलिसांना औषध पोचवायचंय म्हणून सांगितलं. आवाज इतका कापत होता की त्यांना खरं वाटलं. जास्त व्होल्टेजच्या रॅमनं बोर्ड गेला असेल तर, एवढंच वाटेभर डोक्यात. तिथं रॅम बसवली. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. मुलगी ओढणीचं टोक चावत उभी होती. मग उजेड आला आणि ती पेपरला बसली.

अंगणात वडील म्हणाले, "तुमच्या मेहुण्यानं पोरीचं वर्ष घालवलं असतं. त्याचा माल पुन्हा आणू नका." मी पाणी पीत राहिलो.

ते मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले माणूस. गोष्ट सगळीकडं गेली, लातूरच्या दुकानदारांनी मेहुण्याकडून माल घेणं सोडलं. त्यानं एकदाच विचारलं, "दाजी, खरं काय ते सांगितलं ना त्यांना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

त्याचा माल चांगलाच होता. ज्या जुन्या लॅपटॉपवर हे टाईप करतोय, त्यात तीच रॅम आहे. त्याला आज फोन लावलाय. रिंग वाजतेय, आणि त्यानं तो उचलू नये असं अजूनही वाटतंय.

"हां दाजी, बोला."