रिकाम्या वसाहतीतले ग्राहक

इंटरनेट कंपनीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी, ग्राहक वाढतच राहणार, असं दणक्यात सांगितलं. माझे मित्र देशपांडे मात्र साशंक झाले. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातलेले. म्हणून आम्ही, सभेत जिचं कौतुक झालं ती नवी वसाहत पाहायला गेलो. तिन्हीसांज झाली तरी एकाही खिडकीत दिवा नव्हता. देशपांड्यांच्या मोबाइलवर मात्र वायफायची नावं उमटत होती: जोशी परिवार, आईचं घर, चिनू-मनू.

"राहतं कोण इथं?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"कुणीच नाही, साहेब. फ्लॅटबरोबर कनेक्शन फुकट. नावं कंपनीची माणसंच टाकून जातात."

पूर्वी भूत व्हायला निदान मरावं तरी लागे.

तेवढ्यात यादीत नवं नाव उमटलं: देशपांडे परिवार.

"शेअर उद्याच विकतो," म्हणत देशपांडे घाईनं फोन खिशात घालायला लागले. पासवर्ड न विचारताच तो त्या नव्या नावाला जोडला गेला होता.